जुन्या पायथनच्या पोटातला पिप

डिसेंबर २०१४ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेची २.७.९ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. क्रमांक पाहिला तर २०१० साली आलेल्या २.७ ची ही आणखी एक दुरुस्ती-आवृत्ती होती. परंतु अशा आवृत्तीत एरवी जे दिले जात नाही ते तिच्यात होते, ते म्हणजे एक नवे साधन, पिप.

स्थिर आवृत्तीत चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या, नवे काही घालायचे नाही, हा पायथनचा दंडक. तो का हवा, हे २००२ सालीच दिसले होते. २.२.१ मध्ये ‘ट्रू’ (खरे) आणि ‘फॉल्स’ (खोटे) ही नावे घातली गेली, आणि ती वापरणारा प्रोग्राम साध्या २.२ वर चालवला की ‘नेमएरर’, म्हणजे असे नावच माहीत नाही ही चूक, देऊन थांबू लागला.

मार्च २०१४ मध्ये आलेल्या ३.४ सोबत पिप, म्हणजे इतरांनी लिहिलेली पॅकेजेस बसवणारे साधन, आपोआप मिळू लागले. पण मोठा वर्ग अजून २.७ वरच होता. त्यातल्या नवशिक्याने विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘पिप इन्स्टॉल’ टाइप करावे, तर अशी आज्ञाच नाही, असे उत्तर येई. मग ‘गेट-पिप’ नावाची फाइल शोधा, डाउनलोड करा, चालवा, आणि त्यानंतर हवे ते पॅकेज मागा.

डोनाल्ड स्टफ्ट आणि निक कॉगलन यांच्या ‘पेप ४७७’ या प्रस्तावामुळे ‘एन्शुअरपिप’ हे पिप बसवून देणारे मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबतच येणारा कोडचा भाग, २.७ मध्ये आले. त्याची आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे. पिप आणि सेटअपटूल्स (पॅकेजेस तयार करण्याचे व बसवण्याचे आणखी एक साधन) यांच्या तयार फाइली पायथनसोबतच ठेवलेल्या असल्यामुळे इंटरनेट नसतानाही काम होते, आणि भाषेच्या व्याकरणाला कुठेही हात लागत नाही. ३.४ मधली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवण्याची सोय मात्र आणली नाही. युनिक्सवर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, पायथन बांधणाऱ्यावरही पिप लादला नाही.

त्याच आवृत्तीतला दुसरा बदल अनेकांना जड गेला. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र आपोआप तपासले जाऊ लागले, आणि स्वतःच सही केलेल्या प्रमाणपत्रांवर वर्षानुवर्षे विसंबलेल्या स्क्रिप्ट अडल्या. तरीही तो बदल आवश्यकच होता, कारण तोवर समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे न पाहताच पायथनचे मूळ मॉड्यूल पासवर्डसुद्धा पाठवून देत असे.

२० एप्रिल २०२० रोजी २.७.१८ ही या मालिकेतली शेवटची आवृत्ती निघाली. तिच्या ‘लिब’ फोल्डरातले ‘एन्शुअरपिप’ उघडले, तर पिप आणि सेटअपटूल्सच्या त्या दोन फाइली तिथेच ठेवलेल्या दिसतात.