मुद्दाम बिघडवलेली लाट

मंडळी, तुमच्या मल्टिमीटरवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे ठाऊक असलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहिल्याचं, स्टिकर असेलच. ते लागलं तेव्हा मीटरला दिली होती स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे एसी व्होल्टेजची गुळगुळीत, आदर्श लाट. आपण मीटर रोज लावतो तिथे मात्र तशी लाट क्वचितच भेटते. एलईडी, संगणकाचे पॉवर सप्लाय, मोटरचे ड्राइव्ह शिखराजवळच करंट ओढतात आणि व्होल्टेजचा माथा चपटा करून टाकतात. म्हणून माझा आग्रह असा, की कॅलिब्रेशनच्या टेबलावर बिघडवलेली लाट हवी. मुद्दाम बिघडवलेली, आणि किती व कशी बिघडवली ते पक्कं ठाऊक असलेली.

एक किस्सा सांगतोच. चौकोनी लाट देणारा इन्व्हर्टर, एकाच टर्मिनलवर दोन मल्टिमीटर. एक म्हणतो २३० व्होल्ट, दुसरा २५५. दोघांची सर्टिफिकेटं ताजी! दुसरा मीटर प्रयोगशाळेत गेला आणि ‘दोष नाही’ असा शेरा घेऊन परत आला. लावला, पुन्हा २५५. मग संशय इन्व्हर्टरवर. त्याचा बोर्ड बदलला, तरी २५५. कुणाचा दोष, सांगा बरं? हात वर करा. मीटरचा? इन्व्हर्टरचा? कुणाचाच नाही. तो मीटर लाटेची (खालचा भाग वर उलटवून) सरासरी काढून १.११ ने गुणत होता आणि त्यालाच आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं व्होल्टेज, म्हणत होता. हा गुणक फक्त साइनचा. चौकोनी लाटेत सरासरी आणि आरएमएस एकच, म्हणून २३० चे २५५ झाले. त्रिकोणी लाट दिली असती तर तोच मीटर जवळजवळ ४ टक्के कमी बोलला असता. प्रयोगशाळेत साइनवर सगळं जुळणारच! मला संताप येतो तो याचा, की ‘तपासणी फक्त साइन वेव्हवर’ एवढी एक ओळ त्या कागदावर कुणी छापली नव्हती.

ट्रू आरएमएस, म्हणजे सरासरीवरून अंदाज न करता खरा आरएमएस मोजणारा मीटर घ्या, असं कुणीतरी म्हणालं. जरूर घ्या. पण त्यालाही क्रेस्ट फॅक्टरची (शिखर आरएमएसच्या किती पट) आणि बँडविड्थची (किती वेगाच्या लाटांपर्यंत मोजता येतं) मर्यादा असते. ती साइनवर कळणार कशी?

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत आणि लाट बनवायची कशी हे राहिलंच, तेव्हा भरभर सांगतो. लाटेचे नमुने गणिताने काढून मेमरीत ठेवायचे, डीएसीतून, म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या चिपमधून, बाहेर आणायचे, अ‍ॅम्प्लिफायरने आणि लागला तर ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टपर्यंत चढवायचे. डीएसी गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्या काढतो, त्यामुळे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींच्या वेगाच्या लाटा, घटतात. एका आवर्तनात १२८ नमुने असतील तर ४० वा हार्मोनिक सुमारे १५ टक्के घटतो, १०२४ असतील तर पाव टक्काच. पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर प्रत्येक हार्मोनिकची फेज, म्हणजे मूळ लाटेच्या तुलनेत तो किती पुढे-मागे आहे ते, वेगवेगळी सरकवतात. म्हणून बाहेर आलेली लाट सँपल करून मोजायची, एकेका हार्मोनिकची उंची आणि फेज सुधारून नमुन्यांचा तक्ता पुन्हा लिहायचा, आणि जुळेपर्यंत हेच करत राहायचं.

फेजवर मी अडून बसतो. मूळ लाटेत १० टक्के तिसरा हार्मोनिक मिसळा. फेज कुठलीही ठेवा, आरएमएस अर्धा टक्काच वाढतो. पण दोन्ही लाटा शून्यातून एकत्र वर चढल्या तर सरासरीवाल्या मीटरचं रीडिंग ३.३ टक्के वर जातं आणि शिखर १०० चं ९० होतं. हार्मोनिक उलटा केला की रीडिंग तेवढंच खाली आणि शिखर ११०! नुसतं ‘१० टक्के विकृती’ लिहून काय कळणार? वीजमीटरच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्था) चाचणीत पाचवा हार्मोनिक देतात, व्होल्टेजला १० टक्के आणि करंटला ४० टक्के, आणि तो मूळ व्होल्टेजबरोबरच शून्य ओलांडून वर चढावा हेही तिथे लिहिलेलं आहे. मल्टिमीटरच्या सर्टिफिकेटवरही टक्क्यांशेजारी फेजचा रकाना छापा.