मका त्यांचा, चित्र दुसऱ्याचं

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : जुनी टीव्ही जाहिरात. पडद्यावर फक्त तिचाच आवाज.)

डोक्यावर भलं मोठं सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद काठाची मेक्सिकन टोपी. ओठांवरून खाली लोंबणाऱ्या मिशा. कमरेला पिस्तुलं, तोंडात सोन्याचा दात. हा कार्टूनमधला बुटका गडी गाणं म्हणत येतो आणि समोरच्या माणसाच्या मक्याच्या चिप्स पळवतो.

याचं नाव फ्रिटो बँडिटो, म्हणजे फ्रिटो नावाच्या चिप्सच्या जाहिरातीतला दरोडेखोर. 1967 साली तो अमेरिकेतल्या घराघरांत टीव्हीवरून पोचला. आवाज मेल ब्लँक यांचा. बग्ज बनीचा आवाजही त्यांचाच. गाण्याची चाल मात्र मेक्सिकोतल्या 'सिएलितो लिंदो'ची. मेक्सिकोत हे गाणं लहानथोर सगळ्यांच्या तोंडी असतं. फुटबॉलच्या मैदानात हजारो माणसं ते एका सुरात म्हणतात. लोकांच्या इतक्या जिव्हाळ्याची चाल उचलली आणि चोराच्या तोंडी घातली.

जाहिरात पुन्हा एकदा दाखवतो. या वेळी त्या माणसाकडे नको, चिप्सकडे बघा.

(दृश्य : सॅन अँटोनियो, टेक्सास. पहाटेची मक्याची गिरणी. वाफ.)

या चिप्सचा जन्म टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातला. इथल्या मेक्सिकन वस्तीत अजून अशा गिरण्या चालतात. मोठ्या पातेल्यात मका चुन्याच्या पाण्यात शिजतो. मग तो तसाच रात्रभर मुरू द्यायचा. सकाळपर्यंत दाण्याची साल सुटते. ती चोळून, धुऊन काढायची आणि मका ओलाच दळायचा. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, वास येतो आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं. हा चुना न वापरता युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात जी माणसं केवळ मक्यावर जगली, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग पसरला. ही रीत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या मूळच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी शोधली.

(दृश्य : ओल्या पिठाच्या पट्ट्या कढईत पडतात. इथे निवेदन थांबतं.)

1932 साल. मंदीचे दिवस. गुस्ताव्हो ओल्गीन नावाचा मेक्सिकन माणूस याच शहरात मक्याच्या ओल्या पिठाच्या पट्ट्या तळून विकत होता. त्याला मायदेशी परत जायचं होतं. चार्ल्स एल्मर डूलिन या मिठाईवाल्याने त्याच्याकडून तो धंदाच विकत घेतला. किंमत 100 डॉलर. त्यात पट्ट्यांची कृती आली, 19 गिऱ्हाइकांची यादी आली आणि बटाटे कुस्करायच्या साधनात फेरफार करून बनवलेलं, आपल्या चकलीच्या सोऱ्यासारखं एक हातयंत्र आलं. पैशांसाठी डूलिनच्या आईने लग्नाची अंगठी गहाण ठेवली, असं सांगतात. डूलिन कुटुंबाने पुढे खूप मेहनत केली, हेही खरं. त्यांच्या धंद्याचं नाव फ्रिटो. 1961 साली फ्रिटो आणि ले या दोन कंपन्या एक झाल्या, 1965 साली त्या पेप्सीशी जोडल्या गेल्या, आणि पुढच्या दोनच वर्षांत तो मिशीवाला पडद्यावर आला.

म्हणजे एका मेक्सिकन माणसाच्या हातचा पदार्थ देशभर विकायचा, आणि विकताना मेक्सिकन माणसालाच त्याचा चोर म्हणून उभं करायचं. आम्ही हा माहितीपट केला तो या एका गोष्टीमुळे.

(दृश्य : सॅन बर्नार्डिनो, कॅलिफोर्निया. माउंट व्हर्नन अव्हेन्यू. मितला कॅफेची पाटी.)

तिथून दूर पश्चिमेला, कॅलिफोर्नियात, असंच काहीसं घडलं. हे मितला कॅफे. 1937 साली उघडलं, आजही सुरू आहे. इथला टाको बघा. मक्याची पातळ भाकरी दुमडून कुरकुरीत तळलेली, आत मांस, वर कोवळी पानं, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चीज.

महायुद्धावरून परतलेला ग्लेन बेल नावाचा तरुण याच रस्त्याच्या पलीकडे हॅम्बर्गर विकायचा. मितलासमोर लागणारी रांग त्याला दिसायची. तो इथे येऊन जेवायचा, टाको कसा बनतो ते इथल्याच लोकांकडून समजून घ्यायचा. मग त्याने स्वतःच्या खिडकीत 19 सेंटला टाको ठेवले. 1962 साली डाउनी गावात त्याने टाको बेलचं पहिलं दुकान काढलं. मितलाच्या घरच्यांनी पाककृती राखून ठेवली नाही. खाणं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

(दृश्य : कॅफेच्या भिंतीवरचे जुने फोटो. त्यानंतर शहरातला पोहण्याचा तलाव.)

पण याच कॅफेच्या टेबलांभोवती आणखी एक काम चालायचं. 1940च्या दशकात सॅन बर्नार्डिनोच्या सार्वजनिक तलावात मेक्सिकन वंशाच्या माणसांना मज्जाव होता. कर याच लोकांनी भरायचा, मुलं याच घरांतली सैन्यात जायची, पण पाण्यात उतरायचं नाही. इथे बसून माणसांनी दाव्याची तयारी केली. स्पॅनिश वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ पुढे झाले, आणि 1944 साली 'लोपेझ विरुद्ध सेकोम्ब' खटल्यात संघीय न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच्यानंतर दहा वर्षांनी आला. मितलाचा टाको जगाला कळला, हा निकाल मात्र शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडतो.

(दृश्य : जाहिरातीच्या दोन चौकटी शेजारी शेजारी. आधीची आणि नंतरची.)

1968 साली मेक्सिकन-अमेरिकन बदनामीविरोधी राष्ट्रीय समिती उभी राहिली आणि फ्रिटो बँडिटोवर बंदी घाला, ही मागणी तिने लावून धरली. कंपनीने काय केलं ते या चौकटींत दिसतं. दात काढला. दाढीचे खुंट पुसले. चेहरा जरा गोड केला. चोरी तशीच ठेवली. कॅलिफोर्नियातल्या काही टीव्ही केंद्रांनी ही जाहिरात दाखवायला नकार दिला, तेव्हा कुठे 1971च्या सुमारास तो पडद्यावरून गेला. त्याच काळात घामाचा वास घालवणाऱ्या एका स्प्रेच्या जाहिरातीतही घोड्यावरचा मेक्सिकन दरोडेखोर काखेत फवारा मारताना दाखवला होता. या माणसावर चालतो तर तुमच्यावर चालेलच, असा तिचा सूर होता. हे लिहिणारे, काढणारे, मंजूर करणारे सगळे शिकलेसवरलेले लोक होते. टोपी आणि मिशा त्यांच्या कागदावर आधीच तयार होत्या. खरा माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, हे बघायला त्यांच्यातलं कुणी रस्त्यावर उतरलंच नाही.

(दृश्य : सॅन अँटोनियो, नदीकाठची नवी निवासी इमारत.)

या इमारतीच्या जागी 2013 पर्यंत एका टीव्ही केंद्राची इमारत उभी होती. ती पाडू नये म्हणून माणसं इथे येऊन बसली होती, तरी ती पाडली गेली. अमेरिकेतल्या स्पॅनिश टीव्हीची सुरुवात याच केंद्रापासून झाली. व्हेराक्रूझमध्ये जन्मलेल्या राऊल कोर्तेझ यांनी 1946 साली या शहरात पूर्ण वेळ स्पॅनिश रेडिओ सुरू केला आणि 1955 साली टीव्ही. हे चॅनल बघायला संचाला वेगळं उपकरण जोडावं लागायचं. लोक ते विकत घेऊन जोडत. पण जाहिरातदार विचारायचे, तुम्हाला बघणारे किती? प्रेक्षक मोजायचं काम इंग्रजीतून चालायचं, आणि स्पॅनिश बोलणारी घरं त्यात येतच नव्हती. पुढे मेक्सिकोतल्या आस्कारागा घराण्याने हे केंद्र घेतलं आणि त्यातून स्पॅनिश टीव्हीचं देशभरचं जाळं विणलं गेलं. त्यालाच 1987 पासून युनिव्हिजन म्हणतात.

गिऱ्हाईक मोजलं गेलं नाही तर बाजाराच्या लेखी ते नसतंच. म्हणून जनगणनेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

(दृश्य : जनगणनेचे जुने अर्ज, एकावर एक.)

1930च्या अर्जात 'मेक्सिकन' हा चक्क वंश म्हणून छापला होता. मेक्सिकन-अमेरिकनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारने विरोध केल्यावर पुढच्या वेळी तो काढला. 1970 साली स्पॅनिश मूळ आहे का, हा प्रश्न देशातल्या फक्त 5 टक्के घरांना विचारला. चळवळीतल्या संघटनांनी रान उठवलं. 1976 साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ही आकडेवारी गोळा करणं सरकारी खात्यांवर बंधनकारक केलं. 1980 साली पहिल्यांदा हा प्रश्न प्रत्येक घराच्या अर्जावर आला. स्पॅनिश वाहिन्यांनी त्याचा जोरदार प्रचार केला, कारण त्यांनाही आकडा हवाच होता. आकडा आला : 1 कोटी 46 लाख.

आता हे लोक कोण? टेक्सासमध्ये पाच पिढ्यांपासून राहणारं मेक्सिकन घर. न्यूयॉर्कमधला प्वेर्तो रिकोचा माणूस, जो जन्मानेच अमेरिकेचा नागरिक. मायामीत क्रांतीनंतर आलेलं क्युबन कुटुंब. यांचं जेवण वेगळं, राजकारण वेगळं, कातडीचे रंग वेगळे. एकमेकांविषयी त्यांना फारसं ठाऊकही नव्हतं. जाहिरातदाराला मात्र एकच बाजार हवा होता.

तो उभा करणाऱ्यांत हवानाहून आलेले जाहिरातवाले पुढे होते. 1959च्या क्रांतीआधी क्युबात अमेरिकी मालाच्या जाहिराती जोरात चालत, आणि त्या करणारी तरबेज माणसं देश सोडून न्यूयॉर्कला आली. लुईस दिआझ आल्बेर्तिनी यांनी 1962 साली तिथे स्पॅनिश जाहिरातींची एजन्सी काढली. 1968 साली कोनील दांपत्याने काढली. सॅन अँटोनियोत पुढे लायोनेल सोसा यांचं नाव झालं. या लोकांनी मोठ्या कंपन्यांच्या दारात जाऊन पटवून दिलं की आमची माणसंही साबण घेतात, गाडी घेतात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. हे काम मोलाचं होतं.

(दृश्य : जाहिरातींच्या चौकटी वेगाने बदलतात. स्वयंपाकघर, आजी, जेवणाचं टेबल. पुन्हा आजी, पुन्हा टेबल.)

पण आकडा एकसंध दाखवायचा, तर चेहराही एकसंध लागतो. भाषेतून प्रदेशाचा हेल काढून टाकला. रंग फार काळा नको, फार गोरा नको. केस काळेभोर. घर भरलेलं, आजी चुलीपाशी, सगळे देवभक्त, सगळे हसरे. काळ्या कातडीचा डोमिनिकन आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाचा मूळनिवासी शेतमजूर या चौकटीत कुठेच दिसत नाहीत. शेवटी हाही एक साचाच. फरक एवढाच, की या वेळी तो विकणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे लोकही होते.

(दृश्य : कॉर्पस क्रिस्टी, समुद्रकिनारा. सेलेनाचा पुतळा. फुलं वाहणारी माणसं. इथे गाणं नको, लाटांचा आवाज पुरे.)

सेलेना किंतानिया ही टेक्सासची गायिका. इंग्रजी बोलत वाढली, स्पॅनिश गाता गाता शिकली. फेब्रुवारी 1995 मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये तिला ऐकायला 60 हजारांहून जास्त माणसं आली होती. 31 मार्चला तिचा खून झाला. ती 23 वर्षांची होती. 'पीपल' साप्ताहिकाने त्या अंकाची दोन मुखपृष्ठं छापली. देशभरासाठी एका टीव्ही मालिकेतले कलाकार आणि फक्त नैर्ऋत्येच्या राज्यांसाठी सेलेना. सेलेनाचा अंक बघता बघता संपला. मग तिच्यावरचा खास अंक काढावा लागला, आणि 1996 साली कंपनीने 'पीपल'ची स्पॅनिश आवृत्ती सुरू केली. त्या आवृत्तीचे वाचक आदल्या वर्षीही होते, त्याच्या आधीही होते. त्यांच्यापर्यंत अंक पोचवावा, असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

(दृश्य : मे महिन्यातल्या दुकानाच्या खिडक्या. कागदी सोम्ब्रेरो, बियरचे खोके.)

5 मे 1862 रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्लाजवळ इग्नासिओ सारागोसाच्या मेक्सिकन फौजेने फ्रेंचांना हरवलं. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी ती आठवण जपली, 1960च्या दशकात विद्यार्थ्यांनी तिला चळवळीचा दिवस केलं. 1980च्या दशकात बियर कंपन्या तिथे पोचल्या. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या गरीब वस्त्यांत दारूच्या फलकांची गर्दी झाली.

(दृश्य : सुपरमार्केट. लॅटिन अमेरिकी खाद्यपदार्थ विकणाऱ्या गोया कंपनीच्या डब्यांची रांग, शेजारच्या फळीवर भारतीय मसाले.)

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही दुकानं ओळखीची आहेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, राजमा घ्यायला आपली माणसं मेक्सिकन दुकानातच जातात, आणि मोठ्या बाजारात दोघांचाही माल 'परदेशी' या एकाच पाटीखाली मांडलेला असतो.

(दृश्य : झेंडूची आरास, मृतांच्या दिवसाची वेदी, मेणबत्त्या.)

2013 साली डिस्नेने 'दिआ दे लोस मुएर्तोस', म्हणजे 'मृतांचा दिवस', या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. पितरांच्या सणाचं नाव एका कंपनीच्या मालकीचं करायला निघाले होते. लोक भडकले. व्यंगचित्रकार लालो अल्काराझ यांनी शहरावर चालून येणारा उंदराचा राक्षसी सांगाडा काढला. थोड्याच दिवसांत डिस्नेने अर्ज मागे घेतला. पुढे त्याच सणावरच्या 'कोको' या चित्रपटासाठी डिस्नेच्याच पिक्सारने त्याच अल्काराझ यांना सल्लागार म्हणून बोलावलं. नाटककार ऑक्टाव्हिओ सोलिस यांनाही बोलावलं. त्यांनी पटकथा वाचली, चित्रं बघितली, चुकलं तिथे सांगितलं. ऑक्टोबर 2017 मध्ये, सणाच्या तोंडावर, 'कोको' आधी मेक्सिकोत लागला आणि अमेरिकेत त्यानंतर जवळजवळ महिन्याने. मेक्सिकोत तोवर लागलेल्या कुठल्याही चित्रपटाने इतकी कमाई केली नव्हती.