फुकटच्या मटणाचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा... इथली भातशेती जंगलाला खेटून आहे. पीक कापणीला आलं की रानडुकरांचा कळप उतरतो आणि एका रात्रीत शेत आडवं करून जातो. राखणीला बसलेल्या माणसाचा राग खरा आहे, हे आधी सांगायला हवं. त्या रागातूनच कुणी ठासणीची बंदूक बाहेर काढतो, कुणी तार लावतो. डुक्कर पडलं की वाटे होतात, आणि घरोघरी फुकटचं मटण शिजतं.

खाटकाला पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच त्यात फुकट.

असा एक फास बघा. मोटारसायकलच्या क्लचची तार, कुंपणाच्या खिंडारात लावलेली. दुसरं टोक जवळच्या रोपाला. रोपाची साल चारी बाजूंनी सोलून निघाली आहे, भोवतीची माती गोल उकरली आहे. जनावर ओढ घेईल तशी तार आवळत जाते, कातडीतून मांसात, मांसातून हाडापर्यंत. लावणाऱ्याला डुक्कर हवं असतं, पण तारेत भेकर सापडतं, कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा सापडतो, बिबट्या सापडतो, चरायला सोडलेलं वासरूही सापडतं. तार तोडून निसटलेलं जनावर जखम चिघळून झुडपात मरतं. ते कुणाच्याच ताटात येत नाही.

विजेच्या तारेचं तर बोलायलाच नको. पहाटे पाणी पाजायला निघालेल्या शेजाऱ्याला ती दिसत नाही. त्यात माणूस गेला, तर दोन घरं एकदम बसतात.

बंदुकीच्या छऱ्यातलं शिसं बारीक कण होऊन मांसात पसरतं. ते दिसत नाही, शिजवून जात नाही, आणि सगळ्यात जास्त बाधतं ते लहान मुलांना.

मग कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुकराची शिकारही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड. याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. जामीनही सहज होत नाही. पातेल्यात मटण सापडलं, तर ते गुन्ह्याचं नाही हे आरोपीनंच सिद्ध करायचं. बंदूक जाते, गाडी जाते. जामिनाला उतारा लागतो, तो भावाचा नाहीतर सासऱ्याचा. वकिलाची फी, तारखेला बुडालेली मजुरी, बायकोचे हेलपाटे. हाक्याला, म्हणजे जनावर हुसकायला, अख्खी वाडी, वाटे घ्यायला अख्खी वाडी. कोर्टात उभा राहणारा मात्र एकटा.

आणि ज्या शेतासाठी हे सगळं झालं, तिथं पुढच्या आठवड्यात दुसरा कळप येतो.

पीक नासलं तर वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. नासाडीचे फोटो लगेच काढून ठेवा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच राहू द्या, उतारा जोडा. पण कापणी तोंडावर असताना शेत तसंच ठेवणं कुणाला परवडतं? म्हणून पंचनाम्याला माणूस दुसऱ्याच दिवशी बांधावर यायला हवा, आणि पैसे पुढच्या पेरणीआधी खात्यावर जमा व्हायला हवेत. नुसते फास उपटून वनरक्षकाचं काम संपत नाही.