मानशीचा दरवाजा कोणाच्या हाती?

मित्रहो, बँकांवरील सरकारी नियंत्रणाचा विषय गोमंतकीयाने १९६१ सालापासून सुरू करावा, असे मला वाटते. गोवा मुक्तीच्या तोंडावर बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने तिच्याकडे गहाण असलेले इथल्या कुटुंबांचे दागिने लिस्बनला नेले आणि ते परत आले १९९१ साली. मधल्या काळात कर्ज फेडायला तयार असलेल्यालाही स्वतःचे सोने सोडवता येईना, कारण त्या बँकेला जाब विचारू शकेल असे इथे कोणीच उरले नव्हते.

आज कायदाही आहे आणि रिझर्व्ह बँकही. तरीही म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर जुलै २०१५ मध्ये ठेवी काढण्यावर निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द व्हायला एप्रिल २०२० उजाडले. मडगाव अर्बनच्या बाबतीत हाच काळ मे २०१९ ते जुलै २०२१ असा होता. ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे हे खरे. पण विम्याचे पैसे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत मिळावेत ही तरतूद २०२१ ची आहे, आणि त्याआधी परवाना रद्द होईपर्यंत ठेवीदाराने ताटकळत बसायचे एवढाच मार्ग होता. शिवाय विमा ही बुडाल्यानंतरची सोय आहे. बुडण्याआधी कोण पाहत होते, हा माझा प्रश्न आहे.

खाडीकाठी बांध घालून केलेल्या आपल्या खाजन शेतीत याचे उत्तर सापडते. त्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडणारे दार म्हणजे मानस. मानशीतल्या मासळीचा लिलाव घेणाराच जेव्हा मानशीचा दरवाजा आपल्या सोयीने उघडतो, तेव्हा त्याला मासळी मिळते आणि शेतकऱ्याच्या भातात खारे पाणी शिरते. कर्जावर ज्यांचा डोळा आहे, तेच कर्ज मंजूर करणारे झाले की बँकेत नेमके हेच घडते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने, जिच्या शाखा गोव्यातही होत्या, आपल्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाला दिली आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली. लेखापरीक्षण दरवर्षी होत होते! सप्टेंबर २०१९ मध्ये प्रकरण उघड झाले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता आले.

१९६६ पासून सहकारी बँकांचा बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि कारभार, निवडणुका वगैरे सहकार निबंधकाकडे अशी वाटणी होती, त्यामुळे दोष एकमेकांवर ढकलणे सोपे जाई. बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला व्यवस्थापनातही हस्तक्षेपाचे अधिकार मिळाले, हे योग्यच झाले. मात्र २०२५ च्या कायद्याने, अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक वगळता, सहकारी बँकांच्या संचालकांची कमाल सलग मुदत आठवरून दहा वर्षे केली. अनुभवी माणसे टिकावीत हे त्याचे समर्थन मला पटत नाही, कारण खुर्ची जितकी जुनी, तितका तिच्याभोवतीचा गोतावळा मोठा.

आणि पतसंस्थांचे काय? शुक्रवारच्या बाजारात मासळी विकणारी बाई ज्या पिग्मी एजंटाकडे रोज शंभर रुपये देते, तो बँकेचा आहे की पतसंस्थेचा, हे तिला कोणी सांगत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही आणि तिच्या ठेवींना तो पाच लाखांचा विमाही नाही. ही गोष्ट पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक मराठी-कोंकणीत छापण्याची सक्ती राज्य सरकारने निबंधकामार्फत करावी.