नवा लॅपटॉप आणि आमचे दाजी

नमस्कार श्रोतेहो.

नवा कोरा लॅपटॉप घरी येतो. हळद-कुंकू वाहून होतं, पेढा ठेवून होतो, आणि चौथ्या दिवशी कळतं की हे यंत्र साधं पत्र उघडायला मिनिट लावतंय. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा चालू.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक गोष्ट आधीच लिहून घ्या. पुढं मी आमच्या दाजींच्या गोष्टीत वाहवत जाणार आहे, तुमचं काम अडायला नको. लॅपटॉप विंडोजवर चालणारा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. पुन्हा सांगतो, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडेल, म्हणजे कुठला प्रोग्राम यंत्राला किती राबवतोय ते दाखवणारी खिडकी. त्यात सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, यंत्राचा मेंदू, असं लिहिलंय तिथं क्लिक करा, की त्याची ताकद सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येऊन बसतो. मिनिटभर नुसतं बघा. उघडताना टास्क मॅनेजर स्वतःही थोडं खातोच, त्याला मोजू नका.

आता दाजी. दाजींची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला आणि आठ दिवसांत मिरजेहून अक्काचा फोन. "अरे, नवा म्हणून जुनाच गळ्यात मारलाय रे आपल्या!" दुकानदारानं रॅम, म्हणजे यंत्राची कामापुरती मेमरी, वाढवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, पैसे देऊ नका, मी येतो.

गेलो तर लॅपटॉप दिवाणावर, खाली गोधडी, स्क्रीनच्या कडेचं प्लॅस्टिक तसंच. हे प्लॅस्टिक न काढण्याचं वेड मला कधी कळलेलं नाही. आमच्याकडं रिमोट म्हातारा होऊन मरतो, पण पिशवीतच मरतो. असो. टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू 100 टक्के. वरची नावं होती विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर आणि सर्च इंडेक्सर. नावं ऐकून अक्का घाबरली. पण ही दोन्ही घरचीच माणसं. पहिला अपडेट बसवतो, दुसरा फायलींची यादी करून ठेवतो. नव्या लॅपटॉपवर पहिले दोन-तीन दिवस हे चालायचंच. पण आठ दिवस?

मी विचारलं, "दाजी, हा रात्री बंद कधी करता?"

"नऊच्या ठोक्याला. बटनासकट. उगाच लाइट कशाला जाळायची?"

तिथंच घोळ होता. विंडोजनं आपल्या देखभालीची वेळ मुळात रात्री 2 ची धरलेली असते. दाजी नऊला बटन बंद करणार, भाची सकाळी सातला क्लासची घाई म्हणून उघडणार, आणि रात्रीचं राहिलेलं सगळं काम नेमकं तिच्या वेळेत डोकं वर काढणार. (सकाळी सातला क्लास ठेवणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी.)

दाजींना समजावत होतो, तर मध्येच म्हणाले, "मग असं सांग की, रनिंग-इन चाललंय! नवीन इंजिन दमानं घ्यायचं." बरोबर तेच.

त्या रात्री लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावला. सेटिंगमध्ये जाऊन, चार्जर जोडलेला असताना झोपायचं नाही, नेव्हर, असं करून ठेवलं. दाजी शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला. पहाटे मला जाग आली ती गिरणीच्या आवाजानं. बाहेर येऊन बघतो तर दाजी खुर्चीतच घोरतायत, आणि लॅपटॉपवर अक्कानं विणलेला रुमाल! टीव्हीवर असतो तोच, मोरांचा. "धूळ बसेल म्हणून टाकला रे." पंख्याची जाळी झाकली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. रुमाल काढला.

सकाळी बघतो तर 100 वरून 30 टक्क्यांवर आलेला. काहीच न करता 30 हेही जास्तच. या वेळी वर दोन नावं होती, दोन वेगवेगळे अँटिव्हायरस. एक कंपनीकडून महिनाभराच्या चाचणीचा आलेला, दुसरा दुकानदारानं प्रेमानं टाकलेला. एका दाराला दोन वॉचमन, आणि दोघं एकमेकांचीच झडती घेतायत. दोन्ही काढले, लॅपटॉप बंद करून चालू केला. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आपोआप कामाला लागला, आणि आकडा 4 टक्क्यांवर आला.

वेळ संपत आला, तर राहिलेलं भराभर सांगतो. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्स असं पान आहे. चालू करताच उठणारी नको ती मंडळी तिथं डिसेबल करा. पॉवर मोड बॅटरी वाचवण्यावर अडकलाय का, ते सेटिंगमध्ये बघा. चार्जर त्याच्यासोबत आलेलाच लावा. अंथरुणावर ठेवू नका. अंथरुणावर ठेवू नका, हे दोनदा सांगतोय कारण तुम्ही ठेवणार आहात. रॅम घ्यायच्या आधी मेमरीचा रकाना बघा. तो भरलेला नसेल तर रॅमचे पैसे पाण्यात. आणि आठवड्यानंतरही अनोळखी नाव वर ठाण मांडून असेल तर पूर्ण स्कॅन करा.

परवा दाजींचा पुन्हा फोन. "अरे, टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर एक चोर सापडलाय. सिस्टिम आयडल प्रोसेस. 96 टक्के खातोय, आणि काढायला गेलो तर निघत नाही!"

म्हटलं, "दाजी, तो काही खात नाही. प्रोसेसर 96 टक्के रिकामा बसलाय, त्याचा हिशेब आहे तो."

पलीकडं शांतता. मग म्हणाले, "रिकामा बसल्याचीसुद्धा नोंद ठेवतात? आमच्या वर्कशॉपला मेमो मिळायचा."