आधीची सीडी आणली का?

(दृश्य: सकाळ. सोलापूर एसटी स्टँड. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या गाड्या येऊन लागताहेत.)

सकाळच्या गाड्यांतून उतरणाऱ्या गर्दीत पेशंट लगेच ओळखू येतो. सोबतच्या माणसाच्या हातात जेवणाचा डबा, खांद्यावर टॉवेल आणि काखेत कापडाच्या दुकानाची मोठी पिशवी. पिशवीत दवाखान्याच्या फायली आणि काळ्या फिल्मा. कुणी बार्शीचं, कुणी मोहोळचं, कुणी तुळजापूर-उमरग्याकडचं, तर कुणी सीमेपलीकडून इंडीहून, कलबुर्गीहून आलेलं. सिव्हिलच्या ओपीडीसमोर उभं राहिलं की मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रांगेत ऐकू येतात. आजार वाढला की यातलेच काही जण पुढे पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात.

तालुक्याचं गाव, मग सोलापूर, मग मोठं शहर. या वाटेवर एकाच माणसाचा तोच सीटी स्कॅन दोनदा, कधी तीनदा निघतो. दर वेळी पैसे जातात ते दिसतं. अंगात किरणं जातात ती दिसत नाहीत.

(दृश्य: एक्स-रे रूमचं दार. वरचा लाल दिवा लागतो.)

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. वर्ष संपायच्या आत त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. जग हरखून गेलं. पण 1904 साली एडिसनच्या प्रयोगशाळेतले सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांपायीच गेले. वर्षानुवर्षं ते स्वतःचा हात नळीसमोर धरून यंत्र तपासत होते. तेव्हापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे की हे किरण उपयोगी आहेत आणि ते मोजूनमापूनच वापरावे लागतात.

सीटीही याच किरणांवर चालतो. अंगात गेलेला किरणांचा डोस मोजायचं एकक मिलिसिव्हर्ट. छातीच्या साध्या एक्स-रेत 0.1 किंवा त्याहूनही कमी. कंबरेच्या एक्स-रेत साधारण दीड. इथे बरेच जण चकित होतात, कारण दोन्ही आपल्याला सारखेच 'साधे एक्स-रे' वाटतात. डोक्याच्या सीटीत दोनच्या आसपास, छातीच्या सीटीत सहा, पोटाच्या सीटीत आठ. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये शून्य, कारण सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते आणि एमआरआय चुंबकावर. एमआरआयच्या त्या धडधडाटाला घाबरणारे पुष्कळ भेटतात. तो आवाज किरणांचा नाही.

(दृश्य: 2021 ची वर्तमानपत्रं. 'एचआरसीटी स्कोअर' अशी अक्षरं.)

एप्रिल-मे 2021, कोरोनाची दुसरी लाट आठवा. सोलापुरात घरोघरी फोनवर एकच प्रश्न, "स्कोअर किती आला?" छातीच्या सीटीवरून फुप्फुसं किती बिघडली त्याचा हा आकडा. पंचवीसपैकी किती, यावर घरच्यांचा धीर टिकायचा नाहीतर सुटायचा. ज्यांना ताप आणि थोडा खोकला एवढंच होतं, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव होता, तेही छातीचा सीटी काढायला रांगेत उभे राहिले.

मे महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्या, राष्ट्रीय संघटनेने उत्तर दिलं: हा हिशेब जुन्या यंत्रांचा झाला, आजच्या कमी डोसच्या सीटीत पाच ते दहा एक्स-रेंइतकेच किरण जातात. कुठे चारशे, कुठे पाच! लोकांनी कुणाचं ऐकायचं?

हा वाद इथे थोडा उलगडायला हवा, कारण आकडे बघायचे कसे ते त्यातून कळतं. चांगल्या यंत्रावर छातीचा एक्स-रे 0.02 मिलिसिव्हर्टमध्ये होतो. नेहमीच्या पद्धतीने काढलेला छातीचा सीटी सहाचा धरला, तर सहा भागिले 0.02 म्हणजे तीनशे. आता एक्स-रे 0.1 चा धरा आणि सीटी कमी डोसवर लावून एकच्या आत आणा. उत्तर दहाच्या खाली येतं. यंत्र कोणतं, ते लावलं कसं आणि तुलना कशाशी केली, एवढ्यावर सगळं फिरतं. यातलं पेशंटच्या कामाचं इतकंच, की एकाच तपासणीचा डोस यंत्र कसं लावलंय त्यावर कित्येक पटींनी बदलू शकतो. रोगाचं निदान होईल एवढंच स्पष्ट चित्र घ्यायचं आणि तेवढेच किरण वापरायचे, हा या विषयातला जगभर मान्य असलेला नियम आहे.

(दृश्य: शहराबाहेरची काळ्या दगडाची खाण.)

मग धोका नेमका किती? किरणं तशीही आपल्या अंगावर रोज पडतात. जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून मिळून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. सोलापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलंय. या दगडात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे जमिनीतून येणारे किरणही कमी. हैदराबादच्या ग्रॅनाइटवर ते जास्त. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे आणि तिथे तर हे प्रमाण कित्येक पट आहे. तरीही तिथल्या लोकांमध्ये त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं अभ्यासात आढळलेलं नाही.

धोक्याचा अंदाज येतो तो मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासातून. 1950 पासून लाखभर लोकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जातेय. मोठ्या डोसचे परिणाम त्यातून स्पष्ट दिसले. लहान डोसचे परिणाम त्यावरून खाली खाली हिशेब करत काढतात, सावधगिरीच्या बाजूने. त्या हिशेबाने 10 मिलिसिव्हर्टचा सीटी हजार जणांचा काढला, तर पुढे आयुष्यात त्यांतल्या एखाद्याला त्यापायी कॅन्सर होऊ शकतो. भारतात साधारण नऊ जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो. म्हणजे त्या हजारांत एकशे दहाच्या आसपास तसेही असतात. सीटीने त्यात एकाची भर.

पोटात फोड झालाय, डोक्यात रक्तस्राव झाल्याची शंका आहे, अपघात झालाय, अशा वेळी त्या एकाचा विचार करत बसणं चुकीचं. सीटीने वाचलेले जीव त्याच्या कितीतरी पट आहेत. पण काही कारण नसताना किंवा केवळ आधीची सीडी सापडली नाही म्हणून काढलेल्या सीटीत, ती भर फुकट पदरात पडते.

(दृश्य: स्कॅन सेंटरचं काउंटर. मुलगी विचारते, "आधीची सीडी आणली का काका?")

काका पिशवीतून फिल्म काढतात. सीडी घरी राहिली, किंवा कुणी दिलीच नव्हती. मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून काढलेला. रेडिओलॉजिस्ट तो बघतात आणि मान हलवतात. त्यांचंही खरं आहे. सीटीत शेकडो चित्रं असतात आणि फिल्मवर त्यातली निवडक छापतात. त्या फोटोच्या फोटोवरून गाठ वाढली की नाही हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम.

फिल्मचंही एक आहे. आजकालच्या ड्राय फिल्मवर चित्र उष्णतेनेच उमटवलेलं असतं. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत काचेमागे पडली, की ती काळवंडते. म्हणून सगळ्या प्रतिमा ज्यात मूळ डायकॉम स्वरूपात असतात ती सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यायचा, आणि निघण्यापूर्वी तिथेच एकदा उघडून बघायला सांगायचं. रिकामी सीडी किंवा चरे पडलेली सीडी घेऊन लोक दीडशे-दोनशे किलोमीटर जातात, हे थांबवता येण्यासारखं आहे.

पुन्हा काढलेला प्रत्येक सीटी चुकीचा असतो असं अजिबात नाही. डोक्यातला रक्तस्राव वाढतोय का हे काही तासांनी बघावंच लागतं. आधीचा डाय (चित्र नीट उमटावं म्हणून देतात ते औषध) न देता काढलेला असेल आणि आता डाय देऊन बघायची गरज असेल, तर पुन्हा काढावा लागतो. पण "आमच्याकडचाच लागतो" एवढंच कारण असेल, तर पेशंटच्या माणसाने नम्रपणे विचारावं: "डॉक्टरसाहेब, यावर भागेल का हो? नाही भागलं तर काढू की." हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना ते तसं वाटतही नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आकड्यांचा तक्ता. कॅमेरा एका रकान्यावर थांबतो.)

सीडीत शेवटी बहुतेक वेळा चित्रांऐवजी आकड्यांचं एक पान असतं, डोस रिपोर्ट. त्यात 'डीएलपी' नावाचा रकाना असतो, त्या स्कॅनमध्ये यंत्राने एकूण किती किरण सोडले त्याचं माप. समजा मोठ्या माणसाच्या पोटाचा सीटी आहे आणि तिथे 520 लिहिलंय. 520 गुणिले 0.015. उत्तर 7.8 मिलिसिव्हर्ट. छातीसाठी 0.014 ने गुणायचं, डोक्यासाठी 0.0021 ने. हिशेब ढोबळ आहे, पण पुरेसा आहे. एकाच तपासणीत आधी साधा, मग डाय देऊन, मग थोडं थांबून पुन्हा, असा तीनदा स्कॅन झाला असेल तर तीन ओळी दिसतात आणि डोसही तिप्पट होऊ शकतो. यकृताच्या गाठीसाठी ते लागतं. दर पोटदुखीला लागत नाही.

यंत्रांवर नजर ठेवायला 1983 साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. सीटी चालवायला त्याचा परवाना लागतो. तंत्रज्ञाच्या छातीवर जो छोटा बिल्ला दिसतो, तो त्याच्या अंगावर पडलेले किरण मोजतो. त्याची मर्यादा ठरलेली आहे, वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट. पेशंटच्या छातीवर बिल्ला नसतो. त्याचा हिशेब त्याच्या पिशवीतच राहतो.

(दृश्य: पूर्व भागातलं घर. मांडीवर सूप, शेजारी तंबाखू, पानं. बोटं न बघता विडी वळताहेत.)

सोलापूरच्या कंबरदुखीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विडी वळणारी मावशी सकाळपासून सुपावर वाकून बसते. दिवसाचा आकडा पुरा होईपर्यंत उठत नाही. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. अशा कंबरा दुखणारच. ओपीडीत मावशी म्हणते, "साहेब, एकदा फोटो काढून बघा की. गोळ्यांनी काय होईना."

तिची तळमळ खरी आहे. पण फोटोत काय दिसणार? कंबर कधीच न दुखलेल्या लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा पन्नाशीतल्या शंभरपैकी ऐंशी जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे गाद्या, झिजलेल्या आढळल्या. साठ जणांची चकती फुगलेली होती. दुखणं मात्र शून्य. म्हणजे मावशीचा स्कॅन काढला तर त्यात काहीतरी निघणारच, आणि 'गादी सरकली' हे शब्द एकदा कानावर पडले की ती वाकायला घाबरेल, ऑपरेशनच्या चर्चा सुरू होतील, हातातलं काम जाईल. एमआरआयत किरणं नसतात, तरी हे नुकसान होतंच. साध्या कंबरदुखीला सहा आठवडे औषध, व्यायाम आणि बसण्यात बदल. बहुतेकांचं तेवढ्यात निभावतं.

थांबायचं नाही ते वेगळ्या खुणा असतील तेव्हा. लघवी अडकली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, ताप येतोय, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, पडून मार लागलाय. आपल्याकडे मणक्याचा टीबीही विसरून चालत नाही. तसंच मागावरच्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर छातीचा एक्स-रे बिनधास्त काढावा. त्यातले किरण नगण्य आहेत आणि टीबी उशिरा सापडण्याची किंमत सगळं घर मोजतं.

उन्हाळ्यात इथे मुतखड्याचे पेशंट वाढतात. त्यांना आधी सोनोग्राफी. अमेरिकेत 2,759 रुग्णांवर हे ताडून बघितलं गेलं. सोनोग्राफीने सुरुवात केल्यामुळे गंभीर आजार हुकण्याचं प्रमाण वाढलं नाही, किरणं मात्र कमी लागली.

(दृश्य: बालरोग विभाग. आईच्या कडेवर कपाळाला टेंगूळ आलेलं पोर.)

मुलांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहायला हवं. त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे सबंध आयुष्य पडलेलं असतं. युरोपातल्या नऊ देशांत साडेनऊ लाखांच्या आसपास मुलं आणि तरुणांचा पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष 2023 साली आले: दहा हजार मुलांचे सीटी काढले तर पुढच्या बारा वर्षांत एका-दोघांना त्यापायी रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. मुलाचा सीटी काढायचा झाला तर यंत्र मुलाच्या वजनाप्रमाणे लावलंय का, हे विचारायचा आईबापाला हक्क आहे.

पोर पाळण्यातून किंवा ओट्यावरून पडलं की घर हादरतं आणि आजीच आधी म्हणते, "डोक्याचा स्कॅन करून घ्या बाई, जिवाला घोर नको." दोन वर्षांवरचं मूल शुद्धीवर आहे, नेहमीसारखं वागतंय, उलटी नाही, क्षणभरही बेशुद्ध झालेलं नाही, फार डोकं दुखत नाही, कानानाकातून रक्त किंवा पाणी येत नाही आणि फार उंचावरून पडलेलं नाही, तर मेंदूला मोठी इजा असण्याची शक्यता अगदीच थोडी असते. डॉक्टरांना दाखवायचं, ते काही तास नजरेखाली ठेवायला सांगतील. दोन वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टर टाळूही चाचपून बघतात, तिथे अंगावर काढायचं नाही.

आणि या काही तासांत उलट्या सुरू झाल्या, मूल गुंगीत जाऊ लागलं, उठवलं तरी उठेना, झटका आला, एक हात किंवा पाय हलेनासा झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. तेव्हा सीटी लगेच काढायचा.