शिक्षा सुनावण्याआधी

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे उत्पत्तीचा, तिसरा अध्याय मघाशी वाचला गेला, तेव्हा एक गोष्ट कानाला खटकली का? सर्पाच्या नादी लागून आदाम आणि हव्वा देवानं मना केलेलं फळ खातात, त्याला आपण मानवाचं पतन म्हणतो. पण त्या अख्ख्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. सफरचंदही नाही बरं का, नुसतं ‘फळ’ आहे. पाप हा शब्द येतो चौथ्या अध्यायात. रागानं धुमसणाऱ्या त्यांच्या मुलाला, काइनाला, देव बजावतो की ते दाराशी टपून बसलं आहे. आणि पुढच्याच वचनात त्याच्या हातून भावाचा, हाबेलाचा, खून होतो.

पतनाचे परिणाम म्हटलं की आपल्याला शिक्षांची यादी आठवते: प्रसूतीच्या वेदना, काटेकुसळे, घाम, मरण. पण ती यादी सोळाव्या वचनापासून पुढे आहे. परिणाम सुरू झालेत सातव्याच वचनात, देव अजून बागेत आलेलाही नाही तेव्हा. ती दोघं अंजिराची पानं शिवायला बसलीत. अंजिराचं पान कधी हातात धरलंय? खरखरीत असतं, देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि अंगाला लागला तर खाज सुटते. स्वतःला झाकायचा माणसाचा पहिला प्रयत्न हा असा, अंगाला टोचणारा. आणि ती झाकून कोणापासून घेतायत? तिसरं माणूसच नाही तिथे! एकमेकांपासूनच.

मग हाक येते, “तू कोठे आहेस?” आदाम म्हणतो, मी भ्यालो, म्हणून लपलो. भीतीचा बायबलमधला हा पहिला उल्लेख. पुढचं उत्तर तर फारच ओळखीचं आहे: तू मला दिलेल्या त्या स्त्रीनं मला फळ दिलं. एका वाक्यात त्यानं बायकोलाही गोवलं आणि देवालाही. हाच माणूस एक अध्याय आधी तिच्याकडे बघून ‘माझ्या हाडातलं हाड’ म्हणत होता.

शापाचं आता नीट बघा. ‘शापित’ हा शब्द सर्पाला आणि जमिनीला लागतो. स्त्रीला नाही, पुरुषालाही नाही. काम हाही शाप नव्हे. बागेची मशागत दुसऱ्या अध्यायातच नेमून दिलेली आहे. पतनानंतर वाढला तो घाम. ‘तो तुझ्यावर सत्ता चालवील’ हे वाक्य मात्र शतकानुशतकं आज्ञा म्हणून वापरलं गेलं. मला ते मोडलेल्या नात्याचं वर्णन वाटतं. त्याच दमात काटेकुसळ्यांचाही उल्लेख आहे, पण ते उपटू नयेत असं कुणी शिकवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मरणाचं कोडं अवघड आहे. ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील, असं बजावलं होतं. आणि आदाम तर 930 वर्षं जगला. म्हणून पुष्कळ भाष्यकार म्हणतात की देवापासून तुटणं हेच पहिलं मरण, शरीराचं त्याच्या मागून आलं.

हे सगळं आपल्यापर्यंत कसं पोचलं, यावर मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये, मोठा वाद झाला. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन पश्चिमेकडचा थोर धर्मगुरू ऑगस्टीन यानं लॅटिनमध्ये वाचलं, ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं. मूळ ग्रीकचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा लावतात. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो, ही पेलागियसपंथीयांची शिकवण 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेनं नाकारली, आणि पश्चिमेकडे मूळ पापाची, म्हणजे आदामाचं पाप जन्मतःच आपल्याकडे येतं ही, शिकवण घट्ट झाली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र म्हणतात की वारसा आला तो मर्त्यपणाचा आणि बिघडलेल्या ओढीचा. आदामाचा दोष आपल्या नावावर चढत नाही. माझा कल कुठे आहे, हे बोलण्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता उत्पत्तीच्या त्याच तिसऱ्या अध्यायातलं एकविसावं वचन. हद्दपारीच्या आधी देव स्वतः त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो. ती टोचणारी पानं गेली. मग जीवनवृक्षाच्या वाटेवर पहाऱ्याला करूबीम, म्हणजे स्वर्गीय दूत, आणि ज्वालामय तलवार. त्या झाडाचं खाऊन माणूस सदासर्वकाळ जगू नये म्हणून. दुसऱ्या शतकातला धर्मगुरू इरेनियस यानं या बंद वाटेतही दया पाहिली: तुटलेल्या अवस्थेतच माणूस अमर झाला असता, तर त्याच्या पापालाही शेवट उरला नसता.